चित्राच्या पानावरचे बावीस सेकंद

बारामती
९ जुलै २०२४

ती. सरूआत्यास,
सुप्रियाचा सा. न. वि. वि.

हे ठिपके यंत्राने टोचले आहेत. माझ्या हातच्या ब्रेलसारखे वाकडे नाहीत, त्यामुळे तुला चुका काढायला जागा उरणार नाही.

सोबतच्या डब्यात मुठीएवढं वाचनयंत्र आहे. वरचं मोठं बटण दाबलं की पुस्तक सुरू होतं, पुन्हा दाबलं की थांबतं. आमच्या ग्रंथालयाच्या ज्या संशोधनाबद्दल मी तुला लिहिलं होतं, ते आता चाचणीपर्यंत आलं आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दृष्टी नसलेले एकतीस वाचक आहेत. त्यातल्या सत्तावीस जणांना एका पुस्तकासाठी दोन महिन्यांहून जास्त थांबावं लागतं. ब्रेल पुस्तकाचं गाठोडं एसटीत कंडक्टर घेत नाही. ध्वनिमुद्रण करणारे स्वयंसेवक मधेच सोडून जातात. एक कादंबरी सहाव्या प्रकरणात थांबली आहे, कारण वाचणाऱ्या मुलीचं लग्न झालं. म्हणून यंत्राचा आवाज करून पाहतो आहोत. पुस्तकात जिथे चित्र आहे तिथे मी बावीस सेकंद शांतता ठेवली आहे.

फोन तू उचलत नाहीस, तेव्हा सोबतच्या वीस प्रश्नांची उत्तरं पत्राने दे. लोभ आहे हे गृहीत धरते.

तुझी,
सुप्रिया

इंदापूर
१८ जुलै

चि. सुप्रियास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र मिळालं. बटण दाबलं आणि हातातला चहा खाली ठेवला. दादा वाचत होता.

पोरी, चौतीस वर्षं मी टेलिफोनच्या बोर्डावर काढली. माणूस नुसता खाकरला तरी कोण ते सांगायची. आणि तू मला माझ्याच भावाचा आवाज यंत्राचा म्हणून पाठवतेस. माझ्या ट्रंकेतल्या दादाच्या वाचनाच्या कॅसेट तू दुरुस्तीला म्हणून नेल्यास. दुरुस्ती चांगलीच केलीस. शेजारच्या दिपालीला सांगितलं, तर ती म्हणाली की पोरी लई शिकल्या की आधी करत्यात आन मग सांगत्यात. मी तिला म्हटलं, आमची मग पण सांगत न्हाय.

आवाज केलास याचा राग न्हाय, सांगितलं न्हायस याचा आहे. पण चित्रं राहू दिलीस ते बरं केलंस. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात पान बारावर दादा थांबला आणि नेहमीसारखा म्हणाला की चित्र हाय बरं का. बैलगाडी हाय, एक चाक निखळलंय, गाडीच्या सावलीला कुत्रं झोपलंय, त्याचा एक कान उभा हाय. मी एकटीच हसले.

वीस प्रश्नांपैकी पंधरा बिनकामाचे आहेत. बाकीच्यांची उत्तरं मागच्या पानावर. वेळेवर जेवत जा. माया आहे तशी राहू दे.

आत्या

बारामती
२४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारलं नाही ही माझी चूक. विचारलं तर तू नाही म्हणशील असं वाटलं, म्हणून विचारलं नाही. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. एकाच माणसाच्या आवाजातलं इतकं स्वच्छ मराठी वाचन मला दुसरीकडे मिळालं नसतं: दोनशे बारा कॅसेट. बाबा मजकूर पुस्तकी भाषेत वाचायचे आणि चित्र घरच्या बोलीत सांगायचे. दोन्ही एकत्र शिकवलं तर यंत्र गोंधळतं. म्हणून चित्रांचे सगळे तुकडे, अकराशे चाळीस, मी कापून टाकले. वाचताना यंत्राला फक्त अक्षरं मिळतात. चित्र त्याला दिसत नाही.

पान बाराची फाईल मी पुन्हा तपासली. तिथे बावीस सेकंद आवाजाची रेघ सपाट आहे. मग छापील पुस्तक काढलं. बैलगाडी आहे, चाक निखळलेलं आहे. कुत्रं नखाएवढं आहे. त्याचा कान मी भिंगातून पाहिला. उभा आहे. हे पुस्तक मागच्या वर्षी निघालं, तेव्हा बाबांनी ते तुला वाचून दाखवलेलं असणं शक्य नाही. दिपालीने सांगितलं असेल तर कळव.

आणखी एक. आमचं संशोधन तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीला कॅसेटच्या मालकाची लेखी संमती हवी आहे, तीस सप्टेंबरपर्यंत. कॅसेट तुझ्या आहेत. तू नाही म्हणालीस तर आवाज पुसावा लागेल, आणि एकतीस जण पुन्हा वाट पाहत बसतील. मी आग्रह करत नाही. पण तुला खरं सांगायचं तर, कॅसेट ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की बाबा इतकं बोलायचे. दर रविवारी ते तुझ्याकडे इंदापूरला जायचे आणि घरी दमून यायचे. मला त्यांनी एकही पुस्तक वाचून दाखवलं नाही. मला डोळे होते.

उत्तराची वाट पाहते. नमस्कार आणि नेहमीचा लोभ.

सुप्रिया

इंदापूर
५ ऑगस्ट

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

दिपालीला त्या पुस्तकाचं नावही ठाऊक न्हाय. ती वाचते ते फक्त दुधाच्या पिशवीवरची तारीख.

तू परीक्षा घेतेस तर आणखी दोन लिहून ठेव. भूगोलाच्या पुस्तकात पान चाळीसवर दादा म्हणाला की नदी हाय, अलीकडं होड्या तीन हायत आन चौथी पालथी हाय. पक्ष्यांच्या पुस्तकात म्हणाला की बगळा काढलाय, पण काढणाऱ्यानं पाय मोडकं काढल्यात. मी खोटं ऐकत असेन तर तुझं भिंग तुला सांगेल.

तुला वाचून दाखवलं न्हाय म्हणतेस, ते खरं आहे. त्याला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला की तिला वाचून दाखवाय बसलो तर ती माझ्या चुका काढती. तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. काढत असशीलच.

संमतीचं थोडं थांब. दादा रोज येतो, मी ऐकते, त्यात वाईट काय ते मला अजून दिसत न्हाय. पण काहीतरी आहे, ते नीट कळू दे. जिवाला जप आणि आमची आठवण ठेव.

आत्या

बारामती
२६ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

होड्या तीन अधिक एक पालथी. बगळ्याचे पाय खरोखर चुकीचे काढलेले आहेत.

म्हणून मी बाकीच्या वाचकांकडे गेले. कोऱ्हाळे बुद्रुकच्या गोकुळची दृष्टी चार वर्षांपूर्वी तापात गेली. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास या यंत्रावरच करतो. त्याने मलाच विचारलं, की ताई, नकाशे सांगणारे ते सर कुठले. मोरगावच्या फुलाबाईंना साखरेमुळे दिसेनासं झालं आहे. त्या म्हणाल्या की हा बाबा माझ्या दोन्ही लेकांपरीस बरा, इचारल्याबिगर समोर काय हाय ते सांगतो. त्याच खोलीत, त्याच यंत्रावर मी ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. माझ्याबरोबर आलेल्या ज्ञानेशलाही नाही. तो ग्रंथालयात लिपिक आहे, आणि त्याचे कान चांगले आहेत.

मग मी एक चाचणी केली. एका नव्या पुस्तकात, जिथे चित्रच नाही अशा पानावर, चित्राची खूण घातली. ज्ञानेशला सांगितलं की त्या जागेचं चित्र मी काढून पाकिटात बंद केलं आहे. प्रत्यक्षात मी कोरा कागद घातला होता. हे कुणालाही माहीत नव्हतं. ते पुस्तक फक्त गोकुळला आणि फुलाबाईंना पाठवलं.

दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि ते एकच निघालं. चित्र हाय. एक पोरगी टेबलाशी बसलीय. पाकिटात कागद घालती, कागद कोरा हाय. दुपारचं जेवली न्हाय.

मी त्या दिवशी जेवले नव्हते.

घाबरले आहे असं समजू नकोस. माझी पाठ दाराकडे असायची, ती बसायची जागा मी बदलली आहे, एवढंच. संमतीचं काय ते ठरव. आता मलाही ते हवं आहे, आणि फक्त संशोधनासाठी नाही.

लोभात खंड नको.

सुप्रिया

इंदापूर
१२ सप्टेंबर

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

काय वाईट ते कळलं. गेल्या आठवड्यापासून दादाचा आवाज बसलाय. मला आधी वाटलं बॅटरी उतरली. दिपालीनं ती भरून आणली, तरी तसाच. गोकुळला विचार, फुलाबाईला विचार. यंत्राचा घसा बसत न्हाय असं तू म्हणशील. मग हा कुणाचा बसला?

जिवंत होता तेव्हा दोन तास वाचलं की त्याला घसा धरायचा. तो स्वतः कधी थांबायचा न्हाय. मी टेपचं बटण दाबायची, तेव्हा तांब्याभर पाणी प्यायचा. आता तो एकतीस घरांत वाचतोय. कुणी पहाटे लावतं, कुणी जेवताना, कुणी शेळ्या राखताना. एकानं बंद केलं तर दुसऱ्यानं चालू केलेलं असतं. त्याला पाणी कधी प्यायचं?

परवा चित्राच्या पानावर तो थांबला, आणि चित्र सांगितलंच न्हाय. म्हणाला की दम लागलाय.

सुप्रिया, माझी संमती न्हाय. तसं तुझ्या समितीला वेगळं लिहून सोबत ठेवलंय, खाली माझी सही आहे. तुला तो आत्ता कुठे मिळाला आणि मी काढून घेते आहे, हे मला कळतं. माझ्यापासून तो दुसऱ्यांदा जाणार, हे तूही समजून घे. रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

आत्या

बारामती
३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं कारण अहवालात लिहिता येण्यासारखं नाही. समितीने कारण विचारलं नाही.

मी गोकुळकडे गेले होते. त्याची परीक्षा डिसेंबरात आहे. तो म्हणाला की ताई, तेवढी परीक्षा होऊ द्या. थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, की आता तो दहा मिनिटांच्या वर यंत्र चालू ठेवत नाही, कारण सरांना धाप लागते आणि त्याचं लक्ष मजकुरावर राहत नाही. मी आवाज मोजला. माझ्या मोजणीत पहिल्या दिवसापासून काहीही बदललेलं नाही. तरी मी तुझं ऐकलं.

वाचकांच्या यंत्रांतली आवाजाची सगळी कार्डं परत मागवली. अठ्ठावीस सप्टेंबरला सकाळी अकरा चाळीसला मी मूळ आवाज आणि त्याच्या दोन्ही प्रती पुसल्या. ज्ञानेश साक्षीला होता. पुसण्याआधी त्याने मला एकदा ऐकून घ्यायला सांगितलं. चित्राचं एक पान लावलं. बावीस सेकंद होते ते बावीस सेकंदच राहिले. अहवालात शांतता असंच लिहिलं आहे, आणि ते खरं आहे.

संशोधनातून एक निष्कर्ष मात्र निघाला: चित्राच्या जागी शांतता ठेवू नये, चित्र सांगावं. म्हणून आता मी स्वतः वाचते. रोज दोन तास, आधी गोकुळची पुस्तकं, मग बाकीच्यांची. ज्ञानेश बटण दाबून मला थांबवतो. मी फार भराभर वाचते अशी पहिली तक्रार फुलाबाईंची आली आहे. सोबत पहिलं कार्ड पाठवते. काय चुकलं ते लिही. चुका काढण्याची पाळी तुझी.

कॅसेट पुढच्या रविवारी मी घेऊन येते. तोपर्यंत नमस्कार.

तुझी,
सुप्रिया

इंदापूर
१० ऑक्टोबर

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू येशीलच, पण हे तोंडावर बोलायचं न्हाय, म्हणून लिहिते.

तुझं वाचन ऐकलं. फुलाबाईचं बरोबर आहे, एसटी चुकेल अशा घाईनं वाचतेस. पण शब्द खात न्हायस. मजकूर तुझ्या शाळेच्या भाषेत वाचलास आणि चित्र घरच्या बोलीत सांगितलंस, ते तुझ्या ध्यानात आलं का न्हाय कोण जाणे.

पान एकोणतीसवर तू म्हणालीस की माळ हाय, बाभळ हाय, बाभळीखाली शेळ्या हायत, सहा. आन बांधावर एक माणूस पाठमोरा बसलाय, पाणी पितोय.

ग्रंथालयातून कार्डाबरोबर छापील पुस्तकही आलंय. ते मी दिपालीपुढं उघडून धरलं आणि दोनदा नीट बघायला लावलं. माळ आहे, बाभळ आहे, शेळ्या सहाच आहेत. बांध मोकळा आहे.

तू पाहिलंस तेच सांगितलंस, हे आवाजावरून कळतं मला. म्हणून विचारत न्हाय, आणि तू परत पान उघडून बघत बसू नकोस. बसलाय, पाणी पितोय, तर त्याला बसू दे. तू पुढचं पान वाच.

तुझी,
आत्या