एक नंबर होडीवाली

ता. १४ नोव्हेंबर ९६, गुरुवार. कन्हेरी

दिवाळी सरली. डब्यात चकलीचा चुरा तेवढा राहिलाय. वैशी तीन दिवसांनी पुण्याला जायची. दत्तूची ही एकच पोरगी, माझी नात, आन ती पुण्यात जपानी भाषा शिकती. शेजारणी सुनेला विचारत्यात, जपानी शिकून करणार काय. सून म्हणती, मला काय म्हाईत. खरं बोलती बिचारी.

तिच्या शिकवणाऱ्या बाईंकडनं चार कॅसेटी आणल्यात. जपानी पिक्चर. माणसं न्हायतीच, समदं चितारलेलं. दत्तूनं बारामतीतनं भाड्यानं व्हीसीआर आणला. लावला तर रंग न्हाय, आन चित्र वरवर पळतंय. वैशी म्हणली, आजी, त्यांची कॅसेट आपल्या मशीनला मानवत न्हाय. दत्तूनं टीव्हीच्या मागची खुंटी पिळली तवा चित्र जागेवर बसलं. रंग काय आला न्हाय.

पहिला मेंढरांचा. एक आंधळा म्हातारा डोंगरात मेंढरं राखतो, कुत्रं त्याला वाट दावतं. वैशी कानाशी बसून सांगायला लागली कोण काय बोलतंय. म्हणलं गप बस, मेंढरांना कशाला लागती भाषा. मेंढरं बरी काढल्यात. पुढचीच्या शेपटाला नाक लावून चालत्यात, तशीच. फक्त मुक्काम हलवताना लंगडं कोकरू मागं ठिवलं. तसं कुणी करत न्हाय, खांद्यावर घेत्यात. तेवढं चुकलं. बाकी एक नंबर.

ता. १५

सकाळी यंत्रांचा. लोखंडाची थोराड माणसं एकमेकांना बडवत्यात, निम्मा वेळ गाव जळतंय. मी झोपले. दत्तूला आवडला. डेअरीत मशीनपाशी बसून बसून त्याचं कान तसंच झाल्यात. हा शेवटच्या नंबरला.

दुपारी छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा. बायको मेलीय, एकटाच रांधतो, एकटाच जेवतो. भाताची वाफ काढलीय. नुसती वाफ, वर जाती, खिडकीशी जाती, किती तरी वेळ. कुणी बोलत न्हाय. आपल्या पिक्चरात तेवढ्यात दोन गाणी आन एक मारामारी झाली असती. वाफ काढायला ज्याला बसवला त्याला भूक लागली असणार.

हा दोन नंबर. सून म्हणली, रडायला येतं. मी म्हणलं, भात शिजलाय, रडायचं काय त्यात.

ता. १६, शनिवार

चौथी कॅसेट रंगात बघायची म्हणून वैशीला घिऊन इंदापूरला लेकीकडं गेले. मंगलच्या नवऱ्यानं आखातातनं व्हीसीआर आणलाय, तो म्हणं समद्या देशांचं चालवतो. चालवला. रंग आला.

होडीवालीचा. धरणाच्या पाण्यात गाव गेलंय आन त्या गावची पोरगी लोकांना होडीनं पलीकडं सोडती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं टोक वर येतं. मी सरळ बसले. माझं माहेर पळसदेव. आमचं समदं उजनीत गेलं, चुलीसकट. त्या जपान्याला कुणी सांगितलं आमचं.

ती पोरगी कमी बोलती. वल्ह्यावर हात बरोबर पडतो. पाण्याखाली तिचं घर हाय तितं आली की वल्हं हळू मारती. तेवढंच. छाती पिटत न्हाय. मग एक मोठी बोट येती, तितली माणसं म्हणत्यात, चल, नदी जिथं समुद्राला मिळती तितं नेतो. पोरगी गाठोडं बांधती. काठावर येती. एक पाय काठावर, एक उचललेला,

आन मंगल वरडली, आई, शेवटची एसटी जाईल. मंगलला लहानपणापासनं वेळ कळत न्हाय. वैशीनं बटन दाबलं, कॅसेट काढली, आमी स्टँडकडं पळालो.

एसटीत वैशी म्हणली, सांगू का ती जाती का न्हाय. म्हणलं, सांगितलंस तर थोबाडीत दिईन. मी बघंन माझं.

मेंढरांचा दोन नंबरला. होडीवाली एक.

ता. १७

वैशी गेली. तीन कॅसेटी नेल्या. होडीवाली माझ्याकडं ठिवली, बाई म्हणल्यात उन्हाळ्यात दिली तरी चालंल. टीव्हीखालच्या कप्प्यात ठिवलीय. पुन्ना इंदापूरला जाणं झालं की बघायची. घाई न्हाय.

ता. १५ जानेवारी ९७, बुधवार

संक्रांतीला वैशी आली. तिळगूळ हातात हाय तवर बोलली. तिच्या बाईंनी जपानला वर्षभर शिकायला जायला तिचं नाव दिलंय. खर्च तिकडचेच करणार. जून सरायच्या आत बाईंना कळवायचंय. वैशी बापाकडं बघत म्हणली, आप्पा हो म्हणल्याशिवाय मी कळवणार न्हाय.

दत्तू म्हणला, पुणं झालं तेवढं लांब बास.

वैशी म्हणली, बरं.  ही पोरगी भांडत न्हाय, हीच तिची खोड. भांडली असती तर दत्तू वरडला असता, वरडून मोकळा झाला असता, आन सांजच्याला ऐकलं असतं. मी ओळखते माझं लेकरू.

ता. २ फेब्रुवारी, रविवार

वडगाव निंबाळकरची माणसं वैशीला बघून गेली. पोरगा कारखान्यात हाय. ऊस, चार गाई, घर पक्कं. पोरगा मान खाली घालून पव्हं खात व्हता, मिरची बाजूला काढून. बरा वाटला. त्याची आई बोलायला तिखट हाय. मला आवडली.

दत्तू विचारतो, आई, कसं. म्हणलं ठिकाण बरं हाय. खरंच बरं हाय.

ता. १६ फेब्रुवारी, रविवार

सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर. वैशीला जांभळं लुगडं आलं, नारळ, साखर. दिवसभर मी चुलीपाशी, शिरा ढवळायला. बाहेर काय झालं ते नीट बघितलं बी न्हाय. बारामतीचा शूटिंगवाला आलता, दिव्याच्या उजेडानं पोरं भ्याली.

दत्तू खुशीत. सुनेला सांगत व्हता, शूटिंगवाल्यानं साधी कॅसेट आणलीती. म्हणला, मीच त्याला म्हणलं थांब, घरात जपानी हाय, तीच घाल, चित्र सोन्यासारखं येतं.

मला वाटलं, आणली असंल कुठनं तरी. शिरा खाली लागत व्हता.

ता. २० मार्च

वैशी परीक्षेला पुण्यात. काय लिहायचं न्हाय. म्हैस आटलीय. शेजारची हौसा विचारती, म्हातारे, तुला कार्टून कसं गं आवडतं, ती पोरांची कामं. म्हणलं, तुझ्या सिरियलीतल्या बाया नटून झोपत्यात. माझी होडीवाली घाम पुसती. कोण खरं?

ता. ११ मे, रविवार. इंदापूर

मंगलकडं आले, कॅसेट संगं घिऊन. परवा कप्प्यात हात घातला तर वरचा कागद तोच, जपानी अक्षरांचा, पण मागच्या बाजूला चिकटपट्टी. म्हणलं फुटलीय का काय. तरी आणली.

मंगलनं पहिल्यापासनं लावली. पाणी. देवळाचं टोक. वल्हं. मंगल पोळ्या लाटत बघत व्हती. गाठोडं बांधलं. पोरगी काठावर आली. एक पाय काठावर, एक उचलला.

रेघा आल्या, खरखर झाली, आन पाय टेकला तो आमच्या घरातल्या पाटावर. पैंजणाचा. वैशीचा.

शूटिंगवाल्यानं पायापासनं सुरुवात केलीती, करत्यात तसं. मग पदर, मग बांगड्या, मग तोंड. मंगल लाटणं घिऊन उभीच. अगं आई, ही तर वैशीची सुपारी. आमी जितं कॅसेट थांबवली तितनंच शूटिंगवाल्यानं पुढं भरलं. शेवटाचं काय राहिलं न्हाय. पुढं नुसता शिरा वाढलेला, आन मी एकदा पळी घिऊन आडवी जाते.

वैशीचं तोंड मी त्या दिवशी बघितलं नव्हतं. आज बघितलं. विहीण कुकू लावती तवा पोरगी कॅमेऱ्याकडं बघती. रडत न्हाय, हसत न्हाय. एसटी चुकल्यावर माणूस रस्त्याकडं बघतं, तशी बघती.

मंगल म्हणली, छान दिसती गं.

म्हणलं, दिसती. ती कुठं न्हाय म्हणतीय.

ता. १२ मे. कन्हेरी

दत्तूला सांगितलं. आधी खरंच वाटंना त्याला. म्हणला, पिक्चरच्या वैशी घिऊन गेली, ही कोरी जपानी कॅसेट हाय असं वाटलं मला. वर त्यांचंच लिवलेलं. शूटिंगवाला म्हणला हिची मागची पट्टी मोडलीय, तशी भरून घेत न्हाय, चिकटपट्टी लावून घेतो. मी म्हणलं लाव. पोरीचा कार्यक्रम चांगला दिसावा म्हणून दिली, आई.

खरं हाय त्याचं. वाईट करायला म्हणून माझ्या दत्तूनं कधी काय केलं न्हाय. समदं चांगलं करायलाच जातो.

मग मी म्हणलं, पोरीला जाऊ दे.

कुठं?

तुला म्हाईत हाय कुठं.

म्हणला, आई, मी शब्द दिलाय. आन लांब हाय ते, विमानानं जायचं, एकटी पोरगी.

म्हणलं, तू पोटात असताना मी मेंढरांमागं कोकणात घाट उतरले. डोस्क्यावर भांडी, पाठीवर कोकरू. मला कुणी विचारलं न्हाय लांब हाय का. हिच्यामागं मेंढरं बी न्हायती.

दत्तू उठून म्हशीकडं गेला. म्हैस आटलीय, तितं काय काम व्हतं.

ता. १६ मे, शुक्रवार

सुपारी मोडायची तर घरातल्या थोरल्या बाईनं लुगडं घिऊन जायचं, पाटावर ठिवायचं आन आपल्या तोंडानं सांगायचं. आमच्यात तशी रीत. पुरुषाला पाठवत न्हायती, पुरुष पुरुषाशी भांडून येतो.

दत्तूला म्हणलं, मी वडगावला जाते. त्यानं जा म्हणलं न्हाय, नको म्हणलं न्हाय. पिशवीत जांभळं लुगडं घातलं. सून दाराशी उभी. हळूच म्हणली, आत्याबाई, नीट बोला हं. म्हणजे तिलाबी जाऊ द्यायचंय. एवढ्या वर्षात पहिल्यांदा कळलं मला हिच्या मनातलं.

वडगावच्या बाईनं पिशवीकडं बघितलं आन पाट टाकायच्या आधी चहा टाकला. म्हणली, मोडायला आलाव व्हय?

म्हणलं, वर्ष मागायला आलेय. दिलं न्हाय तर मोडायला.

समदं सांगितलं, कॅसेटीसकट. ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणली, म्हणजे आमच्या सुपारीखाली पिक्चर बुडाला. मग कप पुढं सारला. म्हणली, पोरगं माझं कारखान्यात टेंपरवारी हाय, ते तुमच्या लेकाला सांगितलं न्हाय आमी. त्यालाबी वर्ष लागंल कायम व्हायला. पण आमचे मालक ऐकत्यात का बघायला लागंल.

लुगडं मांडीवर घेतलं, घडी हातानं दाबली, परत माझ्या पिशवीत घातलं. म्हणली, मोडली म्हणू नका, ठरली म्हणू नका. माझा निरोप येऊस्तवर हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.

येताना एसटीत वारं बरं व्हतं.

ता. १७ मे

दत्तू विचारतो, लुगडं परत कसं आलं. म्हणलं, विहिणीनं दिलं. म्हणला, म्हणजे काय समजायचं. म्हणलं, मला तरी कुठं कळलंय.

ता. २५ मे, रविवार. पळसदेव

वैशीची परीक्षा झाली. तिला घिऊन माहेरी आले. पाणी उतरलंय, देवळाचं शिखर वर आलंय. चिखलात बगळे. एक कोळी होडी वढून नेत व्हता. वैशी म्हणली, आजी, अगदी तसंच गं. म्हणलं, तसंच न्हाय, हितं वास बी येतो.

कॅसेटीचं तिनं बाईंना फोनवर सांगून टाकलंय. मला वाटलं बाई बोलतील. बाई म्हणल्या, हितं मिळत न्हाय ती. जाशील तवा तिकडनं नवी आण. वैशीनं त्यांना सांगितलं न्हाय की जाणं ठरलं न्हाय.  मी विचारलं, जायचंय का तुला, नीट सांग. पाण्याकडं बघूनच म्हणली, जायचंय. आन लग्न बी मोडायचं न्हाय, मुलगा बरा हाय, मिरची काढून खातो. दोन्ही पायजे म्हणलं तर चालतं का आजी?

म्हणलं, हे बापासमोर बोल. एवढ्याच आवाजात.

पुन्ना विचारलं तिनं, शेवट सांगू का. म्हणलं नको.

ता. २८ मे

बोलली. सांजच्याला, दत्तू हातपाय धुत असताना. मी आतनं ऐकलं. दत्तू पाणी वतत राहिला, पाय धुवून झालं तरी.

ता. २ जून, सोमवार

वडगावचा निरोप अजून न्हाय.

दत्तू डेअरीतनं उशिरा आला. सायकलीला मागं मोठी बॅग बांधलेली, बारामतीतनं आणलेली. वट्यावर ठिवली, आंघोळीला गेला. कुणासाठी ते बोलला न्हाय. सून माझ्याकडं बघती, वैशी सुनेकडं. बॅग पोरीच्या लग्नातबी घेत्यात. पण ती लाल घेत्यात. ही निळी.

कुणी विचारलं न्हाय. वैशीनं फडक्यानं पुसली आन आत कॉटवर ठिवली.

मी होडीवालीची कॅसेट आणून तिच्यात टाकली. नवी आणायची तर जुनी दावायला लागंल, न्हायतर तितल्या दुकानदाराला कळायचं कसं कंचा पिक्चर. पुढची सुपारी बी बघंल तो. बघू दे.

जेवणं झाल्यावर दत्तूनं बॅग उघडली, चेन चालती का बघायला. कॅसेट हातात घेतली, वरचा कागद बघितला, उलटी करून चिकटपट्टी बघितली. परत आत ठिवली. चेन लावली.