वलांडीवरच्या पत्रिका

५ जानेवारी २०२५, रविवार

डब्यात सुकट असली की मी आणि वत्सला शाळेच्या टाकीमागे बसून जेवायचो. पालघरचं कॉन्व्हेंट. मी सातवीत, धाकटी बहीण वत्सला सहावीत. जेवण झालं की माझ्या कंपासपेटीतून अर्धं लिंबू निघायचं. बोटं घासायची, नखं घासायची, वास घेऊन बघायचा, पुन्हा घासायची. वत्सला हात फ्रॉकला पुसायची — झालं! "ताय, इतकं घासशील तं कातडी निगल." मग दुपारी दोन्ही वर्गांचा मिळून क्रोशाचा तास. पांढरा दोरा, दोघींत एक सुई. माझी ओळ झाली की तिची.

आज जवळजवळ पन्नास वर्षांनी सुई धरली. धरण्याआधी बेसिनपाशी गेले आणि चक्क लिंबू कापलं. सकाळपासून मासळीला हात लावला नव्हता. घरात पोहे होते!

८ जानेवारी

सुई धरण्याचं कारण लिहायचं राहिलं. सलोनीच्या लग्नाच्या पत्रिका मी हाताने करायच्या, असं ठरलं आहे. म्हणजे सलोनीने ठरवलं, पुण्याहून, फोनवर. हातकागद, त्यावर क्रोशाचं एक छोटं फूल. साठच, अगदी जवळच्यांना. बाकीच्यांना मोबाइलवर. "आई, हाताने केलेल्या वस्तूला वेगळाच क्लास असतो. आणि क्रोशाचं तर तुला बक्षीसच आहे!"

बक्षीस आहे खरं. हॉलमध्ये काचेत लावलं आहे — पांढरा रुमाल, खाली सिस्टरांच्या अक्षरात माझं नाव, प्रथम क्रमांक, १९७६. मेहुलच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या, आईवडिलांना पहिल्या भेटीत सलोनीने आधी तेच दाखवलं.

९ जानेवारी

जुन्या वह्या फाडून रात्रभर भिजवल्या, सकाळी मिक्सरला लावल्या. ह्यांनी झाकण उघडून विचारलं, "इडल्या आहेत का आज?"

११ जानेवारी

लगदा टबात ओतायचा, मच्छरदाणीची जाळी ठोकलेली चौकट बुडवायची, अलगद वर काढायची, कपड्यावर उलटी करायची. व्हिडिओतली मुलगी हे गाणं म्हणत करते. माझे पहिले आठ कागद घावनासारखे आले, नववा आंबोळीसारखा. पुढचे बरे होते. झेंडूच्या पाकळ्याही टाकल्या. बाल्कनीत वाळत घातले. सकाळी प्रत्येकावर बारीक काळेपिवळे ठिपके! आमच्या सरावलीची हवा. ह्यांची चौतीस वर्षं इथल्याच औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात गेली, नाक कधीच गेलं, पण जीभ शाबूत आहे. म्हणाले, "बघ, छपाईचा खर्च वाचला."

वत्सलाला फोन केला. "तं आन की सातपाटीला! वलांडी हाय, वारा हाय. बोंबील दोन दिसांत कडक व्हतो, तुजा कागूद काय त्याच्यापरीस मोठा लागून गेला?"

१४ जानेवारी

सातपाटी. बांबूच्या वलांडीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टांगलेल्या. वत्सलाने दोन काठ्या माझ्यासाठी रिकाम्या केल्या. ऐन हंगामात! शेजारीण म्हणाली, "काय गो वत्सला, यंदा कागूद इकतंस?" ही म्हणाली, "भाचीचं लगीन हाय. पत्रिका हायेत पत्रिका!" अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेलं.

दर तासाला येऊन कागद उलटत होती. जसे बोंबील उलटते, तसेच.

घरात पाट मांडलेला होता, मधोमध. मी बघितला आणि त्याच्या बाजूने गेले.

१५ जानेवारी

त्या पाटाबद्दल लिहूनच टाकते. लग्नाचं बोलावणं माहेरी नुसतं तोंडी चालत नाही आमच्यात. घरी जायचं, पाटावर बसवायचं, ओंजळीत सुपारी आणि अक्षता द्यायच्या. त्याशिवाय घरचं माणूस येत नाही. शेजारचं एक वेळ येईल.

आणि सलोनीने डिसेंबरातच सांगून ठेवलं आहे, "मावशीला हळदीला बोलाव ना. लग्नाला नको. मेहुलकडचे सगळे शाकाहारी, गुजराती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिलाच अवघडल्यासारखं होईल."

मी "बरं" म्हटलं. नक्की कोण अवघडणार, ते विचारलं नाही. साठ नावांची यादी केली. साठांत सख्खी बहीण बसली नाही. ह्यांच्या ऑफिसातले प्रदीप साहेब बसले.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा सातपाटी, पुन्हा कागद. सोबत माझी फुलंही नेली, दाखवायला. फुलं कसली — प्रत्येकाची वाटी झाली होती. वत्सलाने एक उचलून डोक्यावर ठेवलं. "टोपी बरी झाली, ताय. बावलीला व्हईल." मग सुई मागितली. तिने सुई धरली नव्हती त्यालाही पन्नास वर्षं झाली, पण जाळी रोज शिवते. साखळी, मुका खांब, खांब — नावं विसरली होती, बोटं नव्हती. दुपारपर्यंत वीस फुलं, सगळी सपाट.

"तुजा टाका तवा पन आवळच व्हता," म्हणाली. एवढंच. मी दोरा गुंडाळत राहिले.

पाट मांडलेला होता.

२३ जानेवारी

उरलेली चाळीस फुलंही तिनेच केली. मी डकवते आहे. हे म्हणाले, "हाताने केलेल्या पत्रिका, हे खरंच आहे. कोणाच्या, ते सलोनी कुठे म्हणाली?"

२६ जानेवारी

झाल्या! देखण्या झाल्या आहेत. आज पाच वेळा मोजल्या, पन्नास वेळा पाहिल्या. पहिल्या वीस मेहुलकडे पालघरला हे देऊन आले.

२८ जानेवारी

सकाळी हंसाबेनचा, मेहुलच्या आईचा, फोन. "बेन, कार्ड बहु सरस! पहिलं देवासमोर ठेवलं. पण आमच्या मांजरीने उचलून नेलं." मी म्हटलं, दुसरं ठेवा. "ठेवलं ना. ते पण नेलं! आता बाकीची कपाटात ठेवली आहेत, तर ती कपाटासमोर बसून आहे. बेन, ह्याच्यात टाकलंय काय?"

"झेंडू," म्हटलं मी.

फोन ठेवला. एक पत्रिका उचलून नाकाशी धरली. काही नाही. पुन्हा धरली, डोळे मिटून. काही नाही! शेवटी खालच्या मजल्यावरच्या रुचिताकडे घेऊन गेले. गोड मुलगी, नुकतीच नागपूरहून आलेली. तिने दारातच विचारलं, "काकू, बोंबील?"

पन्नास वर्षं लिंबू घासलं. घासून वास काही गेला नाही, तो मला यायचा तेवढा बंद झाला. किंवा तोही कधी बंद झाला नव्हता — तो माझ्याच घरचा होता, म्हणून कळला नाही. ह्यांच्या नाकाचा उपयोग नव्हताच. वा! रंगाच्या कारखान्याचं एक नाक आणि सातपाटीचं एक. कागदाची परीक्षा आम्ही दोघांनी केली!

२९ जानेवारी

सलोनी पुण्याहून थेट आली. बॅग खाली न ठेवताच — "आई, बोंबलाचा वास! लग्नाच्या पत्रिकेला!"

"वलांडीवर वाळवल्या."

"मी त्यांना आजोळाबद्दल नीट सांगितलेलं नाही अजून."

"काय सांगितलंस?"

"आजोळ समुद्रकिनारी आहे. बोटी आहेत."

"आहेतच की."

"त्यांना वाटलं, पर्यटनाच्या. मी खोटं नाही बोलले. फक्त कमी बोलले." मग माझ्याकडे बघून हळूच, "तूच नाही का शिकवलंस? लहानपणी मावशीकडून आलो की तू आधी माझी बोटं लिंबाने घासायचीस. मग आत घ्यायचीस."

हे मला आठवत नव्हतं. आता आठवलं.

मेहुलचा फोन आला तेव्हा ती रडत होती, म्हणून मी घेतला. म्हणाला, पप्पा सकाळपासून हसताहेत, मांजरीचं नाव पाहुण्यांच्या यादीत घातलंय त्यांनी. आणि मम्मी विचारतेय, फुलं कोणी विणली, तिला शिकायची आहेत.

म्हणजे शाकाहारी घर हसलं. रडलं ते आमचं.

मी मेहुलला म्हटलं, "सलोनीच्या मावशीने विणली. सातपाटीला असते. मासळी विकते." फोन ठेवला. सलोनीने डोळे पुसले. ह्यांनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि मला विचारलं, "अक्षता कशात ठेवल्या आहेस?"

१ फेब्रुवारी

सातपाटी. या वेळी टब नाही, कागद नाही. एक पत्रिका, सुपारी, अक्षतांची पुडी. सलोनी सोबत आली. मी बोलावलं नव्हतं, चप्पल घालून उभीच होती.

वत्सला दारात. "आज रिकाम्या हातानं? कागूद संपला काय?" मी पिशवी दाखवली. तिने आत डोकावून पाहिलं. मग पाट आणायला वळली, तर तो मांडलेलाच होता. मागच्या सगळ्या खेपांना मांडलेला असायचा. मी तिला बसवलं, ओंजळीत अक्षता दिल्या. ओंजळ खडबडीत, मिठाने फुटलेली. तिने पत्रिका उघडली, सातवीपर्यंतचं वाचन अजून पक्कं आहे. मोठ्याने वाचली, वर मी लिहिलेलं स्वतःचं नाव दोनदा.

"नाय दिल्या असत्यास तं मी काय रडत बसले नसते," म्हणाली. "आले असते. मागं उबी राहून अक्षता टाकल्या असत्या न घरी आले असते. पोरीचं लगीन हाय, मानपान कसला?"

सलोनी तिच्या पायाशी बसली. वत्सला म्हणाली, "सरक बाय, साडीला वास लागल." सलोनी सरकली नाही.

मग आम्ही तिघींनी सुकटीचं कालवण आणि भाकरी खाल्ली. निघताना वत्सलाने विचारलं, "लिंबू देऊ?"

नको म्हटलं.

२ फेब्रुवारी

कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, लग्नाच्या गडबडीत राहील. उरलेल्या पत्रिका सलोनीला — पुण्याला उघड्यावर ठेवाव्यात, डब्यात कोंडू नयेत. क्रोशाची सुई हंसाबेनना. मच्छरदाणीची चौकट ह्यांना, खिडकीला लावायला. हॉलमध्ये पहिल्या रांगेतली, माझ्या उजव्या हाताची खुर्ची वत्सलाला.

आणि भिंतीवरचा रुमाल, काचेतून काढून, वत्सलाला. तो तिनेच विणला होता. सिस्टरांनी वास येतो म्हणून पट्टीने बाजूला सारला, तेव्हा ती मला म्हणाली, "तूच दे ताय, तुज्या हाताला वास नाय." मी लिंबाच्या पाण्यात धुतला आणि माझं म्हणून दिला. त्याच वर्षी आई आजारी पडली, दोघींतल्या एकीला मासळीची पाटी उचलावी लागणार होती. वत्सला आणखी एक वर्ष कशीबशी शाळेत टिकली. सिस्टर म्हणाल्या होत्या, बक्षीसवालीची फी माफ करू, तिला शाळेत ठेवा.

रुमाल देऊ नये. परत करावा. माफीही तिचीच होती, पण ती मी वापरून टाकली.