मी लीडर घडवतो

३ जून
साहेब डिसेंबरात रिटायर होणार. आमच्या औषध कंपनीतली मेडिकल हेडची खुर्ची आता माझी. बाकी आहेच कोण? 'भावी लीडर' योजनेत साहेबांनी मला आणि नव्या ज्युनिअर डॉक्टरणीला एकत्र टाकलंय. तीन महिने. त्यात काय दिसतं ते बघून खुर्चीचं ठरवू, म्हणाले. म्हणजे हिला घडवायचं मीच. संकल्प: कमी बोलायचं, तिला पुढे करायचं. उद्यापासून. आज फार दमलोय.

५ जून
पहिली बैठक. ज्युनिअरने विचारलं, सर, तुमची कामाची पद्धत काय? दोन तास सांगितली. पोरीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. गुण आहेत. बायकोला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, पगार घेते ना बिचारी.

१९ जून
घसा बसला. संकल्प सोमवारपासून.

८ जुलै
बाहेरच्या डॉक्टरांबरोबर सल्ला-बैठक. नियम साधा: डॉक्टरांनी बोलायचं, कंपनीने ऐकायचं. ज्युनिअरने चालवावी असं मीच ठरवलेलं. चालवत होतीही बरी. पण एक बुजुर्ग डॉक्टर म्हणाले, तुमच्या गोळीने मळमळतं, पेशंट औषध सोडून देतात. आमच्या ट्रायलमध्ये तसं नाही, हे सांगायला नको? माइक घेतला. अडतीस स्लाइड्स. मग डॉक्टर जेवायलाच उठले.
ज्युनिअर कुरकुरली, डॉक्टर काय म्हणाले ते रिपोर्टमध्ये लिहायचंय. ते काय म्हणाले असते, ते मी सांगितलं. मळमळीची नोंद मात्र तिने आजच्या आज सेफ्टी विभागाला पाठवली. उगाच घाई.

२ ऑगस्ट
तिने विचारलं, ती मीटिंग पुन्हा घेतली तर वेगळं काय कराल? म्हटलं, स्लाइड्स वाढवीन. तिने ते वहीत टिपून घेतलं. थकलेली दिसते. हल्लीच्या पोरांत दमच नाही. थकलोय मीही, पण माझी गोष्ट वेगळी.

३० ऑगस्ट
शेवटचं प्रेझेंटेशन. नवा टाय. ज्युनिअरचा विषय: 'सीनियर सहकाऱ्याला ऐकायला शिकवणे'. मला वाटलं, दुसराच कुणी सीनियर असेल. मग कळलं, प्रत्येक भावी लीडरला सरावासाठी एकेक अवघड माणूस दिला होता. तिच्या वाट्याला मी. निष्कर्ष: लक्षणीय फरक नाही. वर प्रामाणिक पुस्ती, पुरावा एकाच व्यक्तीवरचा आहे, सरसकट अर्थ काढू नये. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? नुसतं 'नाही' म्हणायचं होतं, बस्स. खुर्चीसाठी तेवढंच पुरलं असतं.
उठलो. मुद्देसूद बोललो. थांबलो तेव्हा साहेबसुद्धा निघून गेले होते. समोर ज्युनिअर एकटीच, अजून ऐकत बसलेली. खुर्ची हिलाच द्या, एवढं सांगायला साहेब हवे होते.