खानाचा पैलवान पडत नाही

१२ जाने., रवि.
अब्बांच्या नाटकाची पहिली तालीम, आमच्या गच्चीवर. विषय: मंगोल खान तुघलुक तैमूर मुसलमान कसा झाला. खान: शेजारचे कुलकर्णी काका, बँकेतून निवृत्त. खानाची अट: माझ्या पैलवानाला पाडा, मग इस्लाम स्वीकारतो. (दंतकथेत अट एका सरदाराची. पात्रं कमी, म्हणून अब्बांनी ती खानालाच दिली.) पाडणारा किडकिडीत मौलाना: अब्बा, ५४ किलो. पैलवान: कुरवंड्याचा दत्ता, अब्बांचा जुना विद्यार्थी, ११२ किलो. प्रयोग २६ला, कार्ल्यात.
दत्ताने आज पहिल्यांदा शेवट वाचला.
"सर, ह्यो पडतो?"
"श्रद्धेच्या बळाने पडतो."
"कुनाच्याबी बळानं न्हाई पडायचा. फुडल्या म्हैन्यात जत्रंत कुस्त्यांचं मैदान हाय. सरांनी पाडला म्हनल्यावर माझ्याशी जोड कोन लावंल?"

१५ जाने., बुध.
द. घसरून पडायला तयार नाही. चक्कर येऊनही नाही ("आजारी हाय म्हनत्याल").
मी विचारलं, हार नक्की कधी धरतात? द. म्हणाला, दोन्ही खांदे टेकले की. मी: मग एकच टेकव.
द.ने दोन्ही खांदे चाचपले. "डावा."

१९ जाने., रवि.
कंपनीतून पॅकिंगचा टाकाऊ फोम आणला. पाचर कापून द.च्या अंगरख्यात उजवीकडे शिवली. आडवा झाला की उजवा खांदा ६० मिमी वर राहतो. तीनदा मोजलं.
अब्बा: "इतिहासात साठ मिलिमीटर कुठे आहेत?"
"इतिहासात दत्ताही नाही."
अब्बांनी वही उघडली. शेवटच्या पानावरचं खानाचं भाषण त्यांनी किती वर्षं घासूनपुसून लिहिलंय. ते एकदा लोकांसमोर व्हावं, एवढंच त्यांना हवंय.

२६ जाने., रवि.
हॉल भरलेला. अब्बांनी द.च्या छातीवर तळहात मारला. द. सुरेख पडला. कु. काका उठले: "आजपासून मी..."
तिसऱ्या रांगेतून एक आबा: "थांबा. चीत न्हाई."
"उजवा खांदा वर हाय," आणखी कोणी.
द., पडल्या पडल्या: "व्हय, वरच हाय."
आबा स्टेजवर चढले, खांद्याखाली हात घालून दाखवला. टाळ्या. कु. काका विंगेत माझ्याकडे बघून म्हणाले, "अट पुरी झालेली नाही. मी कसा काय स्वीकारू?" चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. बसलेच.
आयोजकांनी पडदा पाडला. पुढे लेझीम होतं. शेवटचं पान राहिलं.

२७ जाने., सोम.
द. दारात. आत येईना.
"सर रडले का?"
"नाही. जेवले नाहीत."
जायला वळला, मग म्हणाला, "जत्रा झाली की टेकतो. दोन्ही."

२ फेब्रु., रवि.
अब्बा रोज कुरवंड्याला द.साठी दूध-बदाम पाठवतात. आज मी हिशेब मांडून दाखवला: जत्रेत हरला तर त्याला नाटकात पडायला हरकत नाही. जिंकला तर नाव होणार, मग तो ५४ किलोच्या माणसाकडून कशाला चीत होईल? म्हणजे तुम्ही स्वतःच्याच नाटकाविरुद्ध बदाम भिजवताय.
अब्बा सालं काढत होते.
"आधी जिंकू दे," म्हणाले. "पडायचं नंतर बघू."