जागृतीची ज्योत

जागू,

मी गावदेवीच्या देवळात आहे. नवरात्राच्या दिव्यात तेल घालायची आज माझी पाळी. पेज झाकून ठेवली आहे, गरम करून खा.

काल तू तापात झोपलीस आणि तुझा फोनवरचा इंग्रजी शब्दांचा खेळ राहिला. एक दिवस चुकला की त्यातली ज्योत विझते, असं तूच म्हणाली होतीस. नवरात्रात घरातली ज्योत विझू कशी द्यायची? मग मीच बोटं लावली. मराठी लिहा-वाचायलाच म्हातारपणी शिकले मी, उत्तरं सगळी चुकली. पण ज्योत तेवते आहे, बघ!

इंग्रजीची परीक्षा पास झालीस की कॅनडाला जाशील. त्याआधी हा खेळ माझ्याही फोनवर घालून दे. त्यात एकमेकींची ज्योत दिसते ना? तुझी रोज दिसली की मी समजेन, पोरगी बरी आहे.

आजी