बिनघड्याळाची काहील

आबा, सगळ्यात आधी आला तो त्यांचा ड्रायव्हर. चप्पल बाहेर काढली, पाणी मागून प्याला, शहाणा माणूस. मागनं दोघं साहेब पायातल्या बुटांसकट, तुम्ही गेल्यावर बंद पडलेल्या तुमच्या गुऱ्हाळात शिरले. पुण्याहून आलेत, माझ्या नातीची गेमची कंपनी विकत घ्यायला. कंपनी म्हणजे नात, तिच्या दोन मैत्रिणी आणि तीन कॉम्प्युटर. पोरींनी काहिलीखालचं चुलवाण बुजवून त्यावर टेबलं मांडलीत. इंजिनियर होऊन पोरी खेळत बसल्यात म्हणून भावकी दोन वर्षं हसली. हसू देत. पोरींनी फोनवर गूळ पाडायचा खेळ केलाय. जाळ घालायचा, रसावरची मळी काढायची आणि उकळत्या रसाची काहील जाळावरून कधी उतरायची ते कानानं ओळखायचं. रसाचा आवाज जड झाला की उतरायची, नाहीतर गूळ जळला. त्या आवाजासाठी पोरी उचगावच्या एका गुऱ्हाळावर आठवडाभर माईक धरून बसल्या होत्या.

साहेबांनी तीनदा खेळून बघितलं, तिन्ही वेळा जळलं. "यात टायमर कुठंय?" एकानं विचारलं. बघते तर दोघांच्याही फोनचा आवाज बंद. मी म्हटलं, "पावणं, आवाज तरी सोडा की." तर हसतोय. "आजी, लोक आवाज बंद ठेवूनच खेळतात. घड्याळ टाका, मग सही करू." कान बंद करून गूळ पाडणारी ही माणसं पोरींना धंदा शिकवणार. मी त्यांना चहासुद्धा साखरेचाच दिला. ड्रायव्हरला गुळाचा.

मी दहाएक वर्षांची असेन. तुम्ही काहिलीपाशी उभे आहात, मी शेजारी बडबडतेय, आणि तुम्ही मागं न बघताच म्हणता, "तोंड मीट. काहील बोलाय लागलीया." बापानं गप्प केलं म्हणून केवढी रडले होते मी.

आता एक मैत्रीण नोकरी धरायला निघालीय, म्हणून नात डळमळलीय. काल म्हणाली, "आज्जी, टाकू का गं घड्याळ?" मी ठसक्यात नको म्हटलं. पण तुम्हाला म्हणून सांगते. खेळ पहिल्यांदा माझ्या हातात दिला तेव्हा मी बोलतच राहिले, गूळ जळला, आणि "यात एक घड्याळ बसव की" असं सगळ्यात आधी मीच म्हटलेलं. नात म्हणाली, "आज्जी, गप बस आणि ऐक." गप्प बसले, तेव्हा कुठं गूळ पडला. ही आठवण करून दिली तर पोर घट्ट होईल, पण साहेबांना एवढी नावं ठेवून आता माझी जीभ रेटत नाही. हा कागद बुजवलेल्या चुलवाणाशेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवते. पावणं मंगळवारी परत येतो म्हणून गेलेत.