ग्रिझे म्हणजे दमवणं

डहाणू, मंगळवार, जानेवारी १९५८

स्टेशनवरून आल्यावर अण्णांनी विचारलं, “सुमा, आज फ्रेंच काय शिकलीस?” घोलवडच्या शिरीनबाईंनी माणसाला धुंद करण्याची क्रियापदं शिकवली, हे वडिलांना कसं सांगायचं? ‘ग्रिझे’ म्हणजे इंग्रजीत ‘टु टायर’, दमवणं, असं ठोकून दिलं. खरं तर ‘टु इंटॉक्सिकेट’. अण्णांना शब्द फारच आवडला. अजून ओटीवर घोकताहेत, ग्रिझे, ग्रिझे. उद्या बाईंना भेटून म्हणणार आहेत, “आमची सुमा तुम्हाला फार ग्रिझे करते ना?” बाई खरा अर्थ सांगतील. तेवढ्यावर थांबतील? त्यांच्या पोटात काही राहत नाही. ग्रिझेचं वाक्य करताना कर्ता म्हणून मी अण्णांच्याच हाताखालच्या तारबाबूंचं नाव घातलं. आणि कर्म म्हणून ‘मला’.